पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाला, मार्टिन ल्यूथरला, थोर म्हणावं का?

म्हणावं, पण १५४३ साली त्याने जे लिहिलं ते झाकून ठेवून नाही.

वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेला असताना त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, काही आठवड्यांतच जर्मन भाषेत आणला. १५२२च्या सप्टेंबरात तो छापून आला. भाषा कशी हवी, तर घरातली आई, गल्लीतली पोरं, बाजारातला साधा माणूस बोलतो तशी, असं त्याचं म्हणणं. लॅटिन न येणाऱ्यालाही आता बायबल समजू लागलं. हे काम मला फार मोठं वाटतं.

पण १५२५मध्ये याच माणसाने बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढा म्हणून सरदारांना चेतवलं. आणि १५४३च्या पुस्तकात तर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, ग्रंथ काढून घ्या, अशी यादीच दिली. नाझींनी पुढे हे लिखाण प्रचाराला वापरलं. 'तो काळच तसा होता' हे मला पटत नाही. ज्यूंशी आपुलकीने वागा, असं १५२३मध्ये त्यानेच लिहिलं होतं, भले त्यांनी ख्रिस्ती व्हावं या आशेने का होईना. म्हणजे दुसरी वाट त्याला माहीत होती.

ल्यूथरच्या अनुयायांच्या जागतिक महासंघाने १९८४ साली त्याचं हे ज्यूविरोधी लिखाण जाहीरपणे नाकारलं.