दुखलं नाही, तरी शरीराला कळलं होतं

प्रश्न : जिन्यावरून घसरून माझं मनगट मोडलं. हात वाकडा झालेला दिसत होता, तरी मी उठले, घराला कुलूप लावलं, मुलाला फोन केला. दुखत असं नव्हतंच. गाडीत बसल्यावर मात्र जीव जाईल अशा कळा सुरू झाल्या. दवाखान्यात साखर १८२ निघाली. मला मधुमेह नाही. आता यजमान म्हणतात, गोळ्या कमी घे, सहन केलं की शरीर स्वतःच औषध तयार करतं. खरं का?

उत्तर : यजमानांचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अशी वाक्यं फार त्रास देतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. पूर्ण भूल दिलेला पेशंट गाढ निजलेला असतो, त्याला काही जाणवत नसतं. तरी सर्जनने पहिली चीर दिली की कधी कधी मॉनिटरवर ६८ची नाडी ९०, ९५ वर उसळते. नवीन डॉक्टर घाबरून विचारतात, ‘मॅडम, जागा झाला का?’ नाही झाला. दुखणं जाणवणं वेगळं आणि शरीराला बातमी लागणं वेगळं. तुमच्या जिन्यावर तेच झालं.

मनगटाची बातमी मज्जारज्जूतून वर गेली. काही सेकंदांत अॅड्रिनलिन सुटलं. दुसरी वाट जराशी संथ. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे, तो सीआरएच हा संप्रेरक सोडतो. तो खालच्या पिट्यूटरी ग्रंथीत पोचतो. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, पण तिची करामत मला अजूनही गमतीची वाटते. ती एकच लांबलचक प्रथिन तोडते आणि त्यातून एसीटीएचही निघतं, बीटा-एंडॉर्फिनही निघतं. एसीटीएच मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचा संप्रेरक, बनवायला लावतं. बीटा-एंडॉर्फिन मॉर्फिनच्या जातीचं. म्हणजे धोक्याची घंटा आणि वेदनेवरचा उतारा एकाच ताग्यातून कापलेले!

मात्र पिट्यूटरीने रक्तात सोडलेलं एंडॉर्फिन मेंदूत फारसं परत शिरत नाही. तुमची कळ थोपवली ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींनी, आपापल्या जागी सोडलेल्या अशाच रसायनांनी. त्यातली एनकेफॅलिन्स ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली. पुढे १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटांवर एक प्रयोग झाला. नुसत्या खोट्या औषधाने ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांना मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं, तर दुखणं पुन्हा वाढलं. शरीर औषध बनवतं, हे यजमानांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर.

पण ते औषध पळून जाण्यापुरतं असतं. कुलूप लावून झालं, मुलगा आला, गाडीत टेकलात, आणि पहारा उठला. त्यात हाडाभोवती सूजही चढत होती.

साखरेचंही यातच आलं. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल यकृताला साठवलेली साखर बाहेर काढायला लावतात, शिवाय इन्शुलिनचा जोर कमी करतात. पळायला इंधन हवं ना! तुम्ही पळाला नाहीत, साखर रक्तात राहिली. तरी ‘पडल्यामुळे असेल’ म्हणून विषय सोडू नका. एचबीएवनसी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती तपासणी करा. एका दिवसाच्या कळांनी ती वाढत नाही. ती जास्त आली, तर तुम्ही जिन्यावरून पडण्याआधीपासूनच साखर वाढलेली होती असं धरा.

आता गोळ्या. ऑपरेशननंतर दात आवळून ‘ठीक आहे’ म्हणणारे मी रोज बघते. कपाळावर घाम, नाडी ११०, बीपी चढलेलं, खोल श्वास घ्यायची तयारी नाही. दंडातली किंवा मानेतली नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात तोच मॉनिटर शांत होतो. सहन करणाऱ्याचं कॉर्टिसॉल सहनशीलतेला भीक घालत नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला घ्या, कळ येण्याची वाट बघू नका. आणि प्लास्टरमधली बोटं निळसर पडली, बधिर झाली किंवा गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथे एंडॉर्फिनचा काही उपयोग नाही, प्लास्टर सैल करावं लागतं.