तुमचे प्रश्न : ‘टीचर, तुमचा चेहरा किती लहान!’

प्रश्न : माझी मुलगी जपानमध्ये शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. वर्गातले पोट्टे तिला म्हणतात, ‘टीचर, तुमचा चेहरा किती लहान!’ सोबतची शिक्षिका म्हणाली, ‘नाक उंच आहे.’ पोरगी फोनवर रडून राहिली होती, चिडवतात म्हणून. आपल्याकडे ‘तोंड एवढंसं झालं’ कधी म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिला काय सांगू?
— एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आजच फोन करा आणि सांगा की हे चिडवणं नाही, तिथलं मोठं कौतुक आहे. ‘काओ गा चिसाइ’, म्हणजे चेहरा लहान, हे तिथे प्रमाणाच्या हिशेबाने बोलतात. डोकं लहान असलं की अंग उंच, सडपातळ दिसतं. उंची डोक्याच्या आठपट भरली तर त्याला ‘हात्तोशिन’ म्हणतात, आणि तो बांधा आदर्श मानतात. म्हणून तर ग्रुप फोटोत मुली अर्धं पाऊल मागे सरकतात, चेहरा लहान यावा म्हणून.

उंच नाक म्हणजे लांब नाक नव्हे. दोन डोळ्यांच्या मधून नाकाचं हाड वर आलेलं असलं की ते उंच. पापणीवरच्या घडीला ‘फुताए’ म्हणतात, तिचंही तिथे कौतुक होतं. ही घडी पाडायला तिथे दुकानात खास गोंद आणि बारीक चिकटपट्ट्या मिळतात, कित्येक मुली रोज सकाळी त्या लावतात. तुमच्या मुलीची घडी जन्मजात आहे, तेव्हा लोक बोलणारच.

उत्तर द्यायचं ते छोटं. मान किंचित झुकवून ‘आरिगातो गोझाइमास’, म्हणजे आभारी आहे. संकोच वाटला तर चेहऱ्यासमोर हात हलवून ‘इए इए’, म्हणजे छे छे, आणि विषय बदलायचा. आपल्या पोरी ‘कुठलं हो, मी तर काळीसावळी’ म्हणत बसतात, तिथे गाडी अडते. समोरच्याला पुन्हा पुन्हा कौतुक करत राहावं लागतं आणि दोघीही अवघडतात. ‘तुमचंही नाक छान आहे’ अशी परतफेड तर नकोच. त्या बाईला स्वतःचं नाक बसकं वाटत असेल, तर ती समजूत काढल्यासारखी लागते.

आणखी एक. एखादं लेकरू स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवत असेल तर ते ‘मी?’ असं विचारतंय. आपण छातीवर हात ठेवतो, ते नाक दाखवतात. प्रत्येक बोट तिच्या नाकासाठी नसतं!

मुलं केसांना हात लावायला आली तर हसत तळहात पुढे करून ‘दामे’, म्हणजे नाही, म्हणावं आणि वर्गशिक्षकांच्या कानावर त्याच दिवशी घालावं. मोठ्या माणसाने छातीबद्दल, कमरेबद्दल शेरा मारला तर ते कौतुक नाही, तिथेही नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवावेत आणि शाळेतल्या वरिष्ठांना सांगावं. अशा तक्रारी ऐकण्याची सोय करणं जपानमध्ये नोकरी देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

प्रश्न : नणंद तिथून येत आहे. गोरं करणारी जपानी क्रीम मागवू का?
— वाचक, ता. चिखलदरा

उत्तर : मागवू नका. गोऱ्या कातडीचं कौतुक तिथेही जुनं आहे, पण 2013 मध्ये तिथल्या कानेबो कंपनीला अशी 54 उत्पादनं परत घ्यावी लागली. रोडोडेनॉल या घटकामुळे हजारो लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग उठले होते. तिथल्या बायका उन्हात छत्री घेतात. तुम्ही कापूस वेचताना दुपट्टा बांधता, तेच चालू ठेवा.

प्रश्न : मी शिकवायला जपानला जाणार आहे. तिथे कौतुक करायचं तर कसं?
— एक तरुण, ता. आर्णी

उत्तर : शरीर सोडा, केलेलं काम आणि वस्तू धरा. अक्षर, फळ्यावरचं चित्र, डबा, पिशवी. ‘तब्येत मस्त झाली’ हे आपल्याकडे मायेने बोलतात, तिथे ‘जाड झालात’ असं ऐकू जातं आणि बाई दिवसभर गप्प होते. वर्गातही हाच धडा घ्या : शेजारच्याच्या एका वस्तूचं इंग्रजीत कौतुक करायला लावा, ‘आय लाइक युवर पेन्सिल केस’. मुलं चेहऱ्यावरून वस्तूवर येतात आणि वाक्यही पक्कं होतं. घरी निघताना सहकाऱ्यांना ‘ओत्सुकारेसामा देस’ म्हणा, त्यांच्या दिवसभराच्या मेहनतीची दखल त्यात असते.