जुन्या, बंद पडलेल्या खाणींमधील स्फटिक-नमुने विकत घेताना काय पाहावे?

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या फ्रायबर्गच्या चांदीच्या खनिजांचे नमुने जमवायचे आहेत, तर सुरुवात कशी करावी, असा आपला प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर दगडाच्या आधी त्याच्यासोबत येणारी, तो कोठे सापडला हे सांगणारी चिठ्ठी वाचावी. फ्रायबर्गला 1168 मध्ये चांदी सापडली आणि 1960 च्या दशकाअखेर तेथील खाणकाम थांबले. त्यामुळे बाजारात येणारा जवळपास प्रत्येक चांगला नमुना कोणाच्या तरी जुन्या संग्रहातून आलेला असतो. चिठ्ठीवर नुसते गावाचे नाव असण्यापेक्षा खाणीचे नाव असणे कितीतरी मोलाचे. उदाहरणार्थ, हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत 1885 मध्ये आर्जिरोडाइट हे नवे खनिज मिळाले आणि त्यातूनच क्लेमेन्स विंकलर यांनी 1886 मध्ये जर्मेनियम हे मूलद्रव्य वेगळे केले. नमुन्याच्या मागे चिकटवलेला बारीक आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळतो का, हे अवश्य तपासावे. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी फेकू नये. आपली माहिती वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावी.

आता दगडाविषयी. प्राउस्टाइट आणि पायरार्जिराइट ही चांदीची लाल खनिजे तेथील खरे वैभव. वरवर काळपट दिसणाऱ्या प्राउस्टाइटच्या पातळ कडेमागे बॅटरी धरली की आतून गर्द लाल रंग उजळतो, पण तपासणी तेवढ्यावरच आटोपती घ्यावी, कारण उजेडाने हे खनिज काळवंडत जाते. काचेच्या कपाटात मांडण्याची हौस येथे आवरावी लागते. बंद डबीच बरी. स्फटिकांची टोके दहापट भिंगाखाली पाहावीत. तुटलेला स्फटिक चिकटवलेला असेल, तर अतिनील बॅटरीच्या प्रकाशात डिंकाची रेघ बहुधा चमकून उठते. तारेसारख्या वळलेल्या चांदीबाबत विशेष सावध राहावे, कारण अ‍ॅकँथाइट हे चांदी आणि गंधकाचे खनिज तापवून अशा तारा कृत्रिमरीत्याही वाढवता येतात. आणि कृपा करून, सराफाकडे पैंजण उजळायला देतात तसा नमुना उजळू नये. तो काळसरपणा नैसर्गिक असून जाणकार त्याचेही पैसे मोजतात.

स्वतः जाऊन ढिगाऱ्यांवर शोधण्याचा विचार असेल, तर तो सोडलेला बरा. त्या परिसरातील मातीत आर्सेनिक, शिसे आणि कॅडमियम आहे, आणि हा खाणप्रदेश 2019 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकडे गेलात तर फ्रॉइडेनश्टाइन किल्ल्यातील टेरा मिनेरालिया हे खनिज-प्रदर्शन आणि 1765 मध्ये स्थापन झालेल्या खाण अकादमीचे संग्रह पाहावेत. अस्सल नमुन्यांनी नजर तयार होते, ती छायाचित्रांनी होत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधील अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट या खनिजांच्या स्फटिकांना परदेशी संग्राहकांची मागणी असते, त्यामुळे कायदेशीर मार्गाने घेतलेले असे चांगले नमुने असतील, तर अदलाबदलीचा प्रस्ताव जरूर मांडावा. मात्र पाठवणाऱ्याला आधीच कळवावे की तारेच्या चांदीला कापसात गुंडाळू नये. धागे तारांत असे अडकतात की ते काढताना तारच वाकते.