आजोबांच्या पायपेटीच्या वह्या: रागवार लावू नका

वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या आजोबांच्या वह्या सापडल्या, ते नाटकात पायपेटी वाजवायचे, पदांना चाली लावायचे. आता वह्या रागवार लावून लॅमिनेट कराव्यात का, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही करू नका. माझ्या वडिलांच्या सुट्या कागदांचे मी उत्साहाने रागवार गठ्ठे केले. कुठली चाल कोणत्या नाटकासाठी, कुठल्या खेळाआधी बदलली, हे त्या कागदांच्या क्रमातच होतं. तो क्रम मी मोडला. आजही जीव हळहळतो.

ट्रंक उघडल्याबरोबर थराथराने फोटो काढा, मग वरून खाली पेन्सिलीने हलके क्रमांक घाला. हँडबिलं, पावत्या, पत्रंसुद्धा त्यातच राहू द्या. पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शूमान (१८१९–१८९६) यांनी आपल्या मैफलींची कार्यक्रमपत्रकं आयुष्यभर क्रमवार जपली. ती जर्मनीत त्स्विकाऊच्या शूमान संग्रहालयात आहेत. त्यांनी कधी, कुठे, काय वाजवलं, हे त्या चिटोऱ्यांवरून कळतं.

स्वरलिपी भातखंडे पद्धतीची असेल तर फार जपा. तिथे स्वराखालचं टिंब म्हणजे मंद्र, वरचं म्हणजे तार. खालची आडवी रेघ कोमल, मध्यमावरची उभी रेघ तीव्र. बुरशीचा ठिपका टिंबासारखा दिसतो आणि पुसट टिंब फोटोत उमटतच नाही. म्हणून प्रत्येक पानाचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून घ्या. स्कॅन केलंत तर ६०० डीपीआयवर. समासात ‘काळी एक’, ‘काळी चार’ असं काही दिसलं तर ते टिपून ठेवा. ती गाणाऱ्याची पट्टी आहे, म्हणजे पेटीची कुठली काळी पट्टी ‘सा’ धरून तो गायचा ते. त्यावरून पद कोणासाठी बसवलं याचा माग लागतो.

आपल्याकडची हवा मात्र वैरीण. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून हे काम मिरगाच्या आधी उरका. वह्या उन्हात घालू नका, शाई उडते. पडवीत सावलीला, पंख्याच्या मंद वाऱ्यावर उघड्या ठेवा. बुरशी पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, नाकाला मास्क लावून. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. सेलोटेप तर लावूच नका. ट्रंक भिंतीला न टेकवता फळ्यांवर ठेवा.

आणि घरात कुणाला त्या चाली अजून येत असतील, तर वह्या आवरण्याआधी त्यांच्याकडे बसा. वयाचा भरवसा नसतो. मोबाइलवर आधी वहीचा नि पानाचा क्रमांक बोला, मग त्यांना ते पद म्हणू द्या, जेवढं आठवेल तेवढं.