आधी घर बघून ये

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडम, त्या मुलीला घरी पाठवायची शिफारस करू की बालगृहाची?" मी विचारलं, घर बघून आलीस का? तू गप्प झालीस. मग म्हणालीस, सरपंचांशी आणि पोलीसपाटलांशी बोलणं झालंय. मी चिडले आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय.

घालमेल कळते मला. मिरज स्टेशनवर एकटी सापडलेली मुलगी, जतच्या पूर्व भागातली, कन्नड सोडून दुसरं धड बोलत नाही, आणि बाप पितो असं गाव सांगतं. पण तू अडली आहेस ती समितीला द्यायच्या अहवालाच्या शेवटच्या ओळीवर. वरची पानं कोरी असताना ती ओळ सुचणार कशी? आधी घर बघून ये.

२०१५चा बाल न्याय कायदा तुला पाठ आहे. सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरादाराची चौकशी, १५ दिवसांत, समितीचा अंतिम आदेश ४ महिन्यांत, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. अशा मुलांचा निर्णय करणाऱ्या या बालकल्याण समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण समिती काही जतला जाऊन बसत नाही. तिला ते घर दिसणार ते तुझ्या कागदातून. तो कागद सरपंचांच्या फोनवर लिहिलास, तर मुलीचा निकाल सरपंचांनी दिला असं होईल.

एका साखर कारखान्याच्या तळावरचा मुलगा आमच्याकडे आला होता. कागदावर लिहिलेलं, 'पालकांचे दुर्लक्ष'. मी पहाटे त्या पालांवर गेले. आई-बाप अंधारातच फडात गेले होते. पोराच्या उशाला भाकरी बांधून ठेवलेली, शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगितलेलं. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली, मुकादम एक दिवस सोडत नव्हता. बीडकडच्या त्यांच्या गावात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह होतं, आजीही होती, पण हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरगा आजीकडे गेला, शाळेत बसला. टेबलावर बसून लिहिलं असतं तर तो बालगृहात गेला असता, आणि कागदात एकही शब्द खोटा निघाला नसता.

उलटंही होतं. एका मुलीच्या काकांकडे गेले होते. स्लॅबचं घर, फरशी, काकांनी अगत्यानं चहा दिला. मी विचारलं, मुलीचं दप्तर कुठंय, ती झोपते कुठं? कुणाला सांगता येईना. तिला तिथं परत पाठवू नका असं मी लिहिलं आणि त्या अहवालावर ठाम राहिले.

तेव्हा जाशील तर असं जा. सरपंच नको, पोलिसांची गाडी नको, गल्ली गोळा होते. एकदा दिवसा जा, एकदा न कळवता संध्याकाळी, पुरुषमाणसं घरी परतल्यावर. रात्री घरात कोण असतं, मुलगी कुणाजवळ झोपते, दाराला आतून कडी आहे का, हे बघ. अंगणवाडी सेविकेशी आणि वर्गशिक्षकांशी वेगवेगळं बोल. मुलीशी एकटीशी बोल, आणि दुभाषी तिच्या नात्यातला किंवा गावचा नसावा. बाल संरक्षण कक्षाकडं दुभाषांची यादी नसेल तर समितीकडं लेखी मागणी कर.

आणि 'घरची परिस्थिती हलाखीची' हे बालगृहाचं कारण म्हणून लिहू नकोस, मला राग येतो. गरिबीवर बालसंगोपन योजना आहे, निकषात बसलं तर महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तो अर्ज भरून दे. गरिबीसाठी पोर आईपासून तोडायचं नसतं.

तू म्हणशील गाडी मिळत नाही, नोकरी कंत्राटी, आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणांवरून बोलणी बसतात. मलाही बसली. माझी प्रकरणं कायम सगळ्यात जास्त प्रलंबित असायची, वरिष्ठांनी तसं गोपनीय अहवालात लिहिलं, बढती मागं पडली. एसटीनं जायचे, शेवटची गाडी चुकली की अंगणवाडी ताईच्या घरी राहायचे. माझी स्वतःची पोरं माझ्याविना जेवून झोपायची, ते आजही मनाला लागतं. तरीही सांगते, माझं धोरण बरोबर होतं. न पाहिलेल्या घराबद्दल मी सही केली नाही, त्यासाठी कुणाची माफी मागणार नाही. हट्टी म्हणायचे, म्हणू देत.

तुझे १५ पैकी निम्मे दिवस गेलेत. उद्या सकाळच्या जत गाडीनं निघ. मिरजेत माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, कन्नड उत्तम बोलतात, तुझ्यासोबत येतील. त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय, समितीची परवानगी तेवढी तू आजच घे. परत आल्यावर मला फोन कर. काय लिहू म्हणून विचारायला नको, काय पाहिलंस ते सांगायला कर.