आधी उत्तर दिशा नक्की कर
फ्लॅट वास्तुशास्त्राप्रमाणे लावायचा तर बिल्डरच्या ब्रोशरवरच्या बाणावर विसंबू नकोस. मोबाइलचं होकायंत्र कॉलमजवळ किंवा लिफ्टशेजारी धरलंस तर लोखंडामुळे भरकटतं. गच्चीवर जाऊन बघ. खात्री हवी तर जुनी शंकूची रीत आहेच: जमिनीवर वर्तुळ, मधोमध उभी काठी. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा कर. त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा.

मग ईशान्येला देवघर, आग्नेयेला ओटा, नैऋत्येला जड कपाटं. नैऋत्येची जाड भिंत पुण्यातलं दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा अडवते, एवढं मला पटतं. ब्रह्मस्थान म्हणजे घराचा मध्य. वाड्यात तिथे चौक असायचा; फ्लॅटमध्ये निदान सामान कोंबू नकोस. ऊर्जेचे पिरॅमिड विकणाऱ्याला मात्र दारातूनच नमस्कार.