वाचक विचारतात: पुण्याची ऑफर घ्यावी का?

प्रश्न: ताई, आम्ही फुलेवाडीत राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं त्यामुळं भाडं नाही. मिस्टर शिरोली एमआयडीसीत आहेत, हातात 38 हजार येतात, मी एका पतसंस्थेत जाते, 13 हजार. थोरली पाच वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा, दोघांना सासूबाईच बघतात. आता मिस्टरांना चाकणच्या एका कंपनीची ऑफर आलीय, 11 लाखाचं पॅकेज. ते म्हणतात महिन्याला 92 हजार, म्हणजे डबलच की. पण मोशीला टू बीएचके मेंटेनन्ससकट 24 हजार सांगतायत, डिपॉझिट लाखभर, शाळेची फी वर्षाला 90 हजार, पाळणाघर 9 हजार. सासू-सासरे कोल्हापूर सोडणार नाहीत. मी नको म्हटलं तर त्यांच्या प्रगतीच्या आड येतेय असं वाटतं. काय करू?
(एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण आम्ही पण मुलं लहान असताना ठाण्याला चार वर्षं काढलीत आणि पहिल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला मी डब्यात तूरडाळ किती उरलीय ते वाटीनं मोजत बसले होते ते अजून आठवतं. तेव्हा पगार कोल्हापूरच्या दुप्पट होता बरं का.

आधी ते 92 हजार बाजूला ठेवा. 11 लाखाला 12 नं भागलं की तो आकडा येतो, पण पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, ग्रॅच्युइटी असते, वर्षाच्या शेवटी मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल असतो, वर मिस्टरांचा स्वतःचा पीएफ कापला जातो. नव्या टॅक्स पद्धतीत 12 लाखापर्यंत टॅक्स पडत नाही हे एक बरं आहे. तरी हातात 75-76 हजार येतील असं धरून चला. आज तुम्ही दोघं मिळून 51 आणताय. पुण्यात तुमची नोकरी सुटली तर वाढले किती, 25. त्यातले 24 घरभाड्याला गेले. उरले हजार रुपये, आणि अजून शाळा, भाजी, गॅस, सणावाराला गावी येणंजाणं यातलं काहीच धरलेलं नाही.

तुम्ही तिथं नोकरी धरली तरी धाकट्याचं पाळणाघर 9 हजार, थोरली शाळेतून आल्यावर तुम्ही येईपर्यंत तिलाही कुठंतरी ठेवावं लागणार, त्याचे वेगळे. म्हणजे तुमच्या पगारातला मोठा हिस्सा मुलांना कुणीतरी सांभाळावं म्हणूनच जाणार. एक मात्र नक्की विचारा, 50 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, 2017 ला मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात तशी दुरुस्ती झालीय. पुष्कळ जणी विचारतच नाहीत.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तुमच्या घरात सगळ्यात मोठं काम सासूबाई करतायत आणि त्याचा आकडा तुमच्या हिशेबात कुठंच नाही. धाकट्याचं मालिश, आंघोळ, शेक, नाचणी भिजवून मोड आणून सावलीत वाळवून दळून सत्त्व करायचं, थोरलीला ताप आला तर तुम्हाला पतसंस्थेतून रजा घ्यावी लागत नाही, संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेऊन समोर धार काढलेलं दूध पाजून आणायचं, हे पुण्यात विकत घ्यायला गेलात तर घरभाड्याएवढं बिल होईल आणि तरी तसं मिळणार नाही. मिस्टरांना हे त्यांच्याच भाषेत, कागदावर आकडे मांडून दाखवा. त्याला आड येणं म्हणत नाहीत हो, घरातला निम्मा हिशेब तुमच्याच डोक्यात आहे, तो तुम्ही नाही मांडणार तर कोण मांडणार?

पण म्हणून जाऊच नका असंही मी म्हणणार नाही. शिरोलीत 38 वर किती वर्षं थांबायचं हा त्यांचा प्रश्न खराच आहे आणि चाकणचा अनुभव पुढं कामाला येतो. माझं मत, आधी त्यांनी एकट्यानं जावं, सहा महिने. कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, घरभाडं आणि डिपॉझिट दोन्ही वाचतं. शनिवारी सुट्टी असते का ते आधी विचारा कारण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि हायवेच्या कामामुळं कधी किती वेळ लागेल सांगता येत नाही, एका रविवारसाठी माणूस दर आठवड्याला येऊ शकत नाही. तुमच्यावर रात्रीचं ओझं पडेल, बाळ चालायला लागेल ते बापाला फोनवर बघावं लागेल, ते सोपं नाही, म्हणूनच सहाच महिने म्हणतेय. तेवढ्यात खरा पगार किती पडतो, काम टिकणारं आहे का, हे कळेल.

आणि नंतर सगळे गेलातच तर भाडेकरार नोटरीवर करू नका, दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालेलाच करून घ्या. आपल्या राज्यात ती नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. थोरली पहिलीला जायच्या वयाची होतेय, तुम्ही ओबीसी किंवा इतर वंचित गटात बसत असाल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत मिळणाऱ्या 25 टक्के जागांसाठी उत्पन्नाची अट नाही, पण राहण्याचा पुरावा म्हणून रजिस्टर करारच लागतो, साध्या कागदावर फॉर्म बाद होतो. घर शाळेच्या जवळ असेल तर आधी नंबर लागतो, म्हणून घर बघताना आजूबाजूच्या शाळाही बघा. नंबर लागला तर ते 90 हजार वाचतात.

ऑफर लेटर हातात आलं की सही करायच्या आधी त्यातला व्हेरिएबलचा आकडा मला लिहून कळवा, पुढचं मांडायला आपण परत बसू.